भात्याच्या तोंडाशी

मैनुद्दीन मिस्त्री भित्रा होता, आणि ही गोष्ट सोलापुरात कुणापासून लपलेली नव्हती. कारखान्यात कुणी इंजिनाला हँडल घातलं की हा आधी दोन पावलं मागं सरायचा. पेट्रोलचा डबा उघडा दिसला तर झाकण सापडेपर्यंत त्याला दुसरं काही सुचत नसे. विडी ओढत आलेल्या गिऱ्हाइकाला तो हात जोडून रस्त्यावर उभं करी, मग ते गिऱ्हाईक फौजदार का असेना. मोटारीच्या कामात त्याचा हात धरणारा त्या काळी, म्हणजे चौतीस-पस्तीस साली, गावात दुसरा नव्हता. पण माणसं कौतुक करता करता हसायचीच. वाघाच्या तोंडात हात घालायचा धंदा, आणि मांजर आडवं गेलं तरी घाम फुटतो, असं म्हणायची.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. पण मैनुद्दीनच्या पाठीशी लागलेला राक्षस मनातला नव्हता. तो त्यानं डोळ्यांनी बघितला होता.

तरुणपणी तो एका मिलच्या ब्लोरूममध्ये तेल घालायच्या कामावर होता. ब्लोरूम म्हणजे गाठी फोडून कापूस साफ करायचं खातं. तिथं मोठाले पंखे पत्र्याच्या नळातून कापूस ओढतात आणि एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात नेऊन टाकतात. एके दिवशी कापसातून कुठला तरी खिळा आला, यंत्राच्या दात्यांवर घासला आणि ठिणगी पडली. पंख्याला काय, कापूस काय आणि ठिणगी काय, त्यानं ओढून नेली. नळाच्या आत आग धावत होती तेव्हा बाहेर माणसं गप्पा मारत उभी होती. नळाच्या दुसऱ्या तोंडाशी जो माणूस उभा होता, त्याच्या अंगावर ती बाहेर आली. तो माणूस मैनुद्दीनचा सासरा होता.

सासू आधीच गेलेली. घरात मागं राहिला तो मैनुद्दीनच्या बायकोचा, इमामबीचा, धाकटा भाऊ शेखलाल, दुडूदुडू चालणारा. इमामबीनं त्याला नवऱ्याच्या घरी आणलं. तिला स्वतःला मूल झालं नाही, तेव्हा हाच मुलगा, हाच भाऊ. मैनुद्दीननं मिल सोडली, मोटारीचं काम शिकला, आणि शेखलालला मिशा फुटल्यावर त्यालाही हाताशी घेतलं. शेखलाल कामाला चलाख, गडी उमदा. पण बापाचा चेहरा जसा त्याच्या ध्यानात नव्हता, तशी भीतीही कुठं नव्हती. काडी ओढून पेट्रोलच्या टाकीत डोकावून बघायला निघालेला हा माणूस. मैनुद्दीननं त्या दिवशी त्याच्या थोबाडीत मारली, आणि मग स्वतःच कोपऱ्यात जाऊन बसला. रोज सकाळी डबा देताना इमामबी नवऱ्याला एकच वाक्य सांगायची, "त्याच्याकडं बघा." काम बघा, पगार बघा, असं ती कधी म्हणाली नाही.

असा सगळा प्रकार असताना हिंदुराव सरकारांनी ती गाडी आणली.

हिंदुराव म्हणजे वळसंगच्या पलीकडच्या एका लहानशा जहागिरीचे तरुण धनी. त्यांच्या मातोश्री रंभाबाईसाहेब सोलापुरातल्या बंगल्यात असत, आणि चिरंजीव जिथं वेगानं जाता येईल तिथं असत. गाडी इटलीची, लाल, दोन माणसांची, टपाबिपाची भानगड नाही. तिच्या इंजिनाच्या नाकावर एक यंत्र बसवलेलं होतं. साधी मोटार आपल्या ताकदीनं हवा आत ओढते. हिच्यात ते यंत्र हवा आणि पेट्रोल जोरानं इंजिनात कोंबायचं. साहेबलोक त्याला सुपरचार्जर म्हणत. कारखान्याचा मालक धोंडीराम हा मूळचा लोहार, त्यानं एकदा झाकण काढून आत बघितलं आणि म्हणाला, "ह्यो तर भाता हाय की!" त्या दिवसापासून सगळ्यांच्या तोंडी भाताच बसला, हिंदुरावांच्यासुद्धा.

मुंबईत ही गाडी वाऱ्याशी बोलत होती म्हणे. सोलापुरात आल्यावर ती खोकायला लागली. मैनुद्दीननं भाता उघडला तेव्हा आत काळ्या मातीची धूळ तेलात कालवून बसली होती आणि तिच्यात मिलच्या कापसाचे तंतू अडकले होते. हवा ओढायचं तोंड बॉनेटच्या आत, तापलेल्या इंजिनाच्या कुशीत. आधीच सोलापूरचं ऊन, त्यात इंजिनाची धग, वर धूळ. माणसाचंसुद्धा डोकं फिरेल, गाडीचं काय घेऊन बसलात!

मैनुद्दीननं पत्र्याचं नळकांडं वाकवून ते तोंड पुढं आणलं, थेट रेडिएटरच्या शेजारी, म्हणजे गार हवा मिळेल. तोंडावर एक चपटी पेटी बसवली आणि पेटीत धूळ अडवायला कापड ताणलं. मलमल लावली तर भात्यानं ती ओढून फाडली. घोंगडीचा तुकडा लावला तर गाडीचा जीव गुदमरला. शेवटी कारखान्यामागं राहणाऱ्या सावित्रम्मानं युक्ती काढली. ती पद्मशाली विणकरीण, माग घरातच. मागाची फणी बदलून तिनं जाड सुताचं विरळ कापड मुद्दाम विणून दिलं. ते तेलात भिजवून ताणलं की धूळ चिकटून राहायची आणि हवा आत जायची. पेटीला मैनुद्दीननं कानाचे नट लावले, म्हणजे वाटेत पान्याशिवाय, नुसत्या बोटांनी पेटी उघडून कापड झटकता यावं. पहिल्याच फेरीला गाडी अशी सुटली की हिंदुराव परत आले ते टोपी हरवूनच. खूश होऊन त्यांनी मैनुद्दीनच्या पाठीवर थाप मारली.

त्या संध्याकाळी भाकरीचा तुकडा मोडताना मैनुद्दीनचा हात थांबला.

इंजिन कधी कधी उलटं खोकतं. पेट्रोल कमी पडलं, ठिणगी अवेळी पडली, की आतला जाळ पुढं जायच्या ऐवजी आल्या वाटेनं मागं येतो. साध्या गाडीत फट् करून आवाज होतो आणि संपतं. हिच्यात तो जाळ भात्यातून नळकांड्यात येणार, नळकांड्यातून तोंडाशी येणार, आणि तोंडाशी काय आहे? तेलात भिजवलेलं सुती कापड. मैनुद्दीननं स्वतःच्या हातानं नळाच्या टोकाला कापूस बांधला होता. आणि त्या गाडीत हिंदुरावांच्या शेजारी बसणार होता शेखलाल, कारण पेट्रोलच्या टाकीत हवेचा दाब राखायला एका माणसानं हातपंप मारत बसावं लागे.

इमामबी चुलीपुढं पापड भाजत होती. तिनं निखाऱ्यावर तारेची जाळी ठेवली होती आणि खालून जाळ वर आला तरी जाळीला लागून चपटा होत होता, वर येत नव्हता. मैनुद्दीन बघत राहिला. मग त्यानं जाळीवर कागदाचा कपटा धरला. कपटा काळवंडला, पण लगेच पेटला नाही. इमामबीला वाटलं, नवऱ्याला आता पापडाचीही भीती वाटायला लागली.

दुसऱ्या दिवशी त्यानं बारीक पितळी तारेची दुहेरी जाळी घडवली आणि नळकांड्याच्या गळ्यात, भाता आणि कापडाच्या मध्ये, बसवली. सगळ्यांना कारखान्याबाहेर काढून, स्वतः दाराआड उभा राहून, त्यानं इंजिनाला मुद्दाम उलटं खोकायला लावलं. फाट्कन आवाज झाला. कापड नुसतं कोमट झालं होतं. तेव्हा कुठं त्याच्या जिवात जीव आला. "जाळी हाय तवर कापड. जाळी न्हाय तर कापड न्हाय," हे वाक्य तो मग इतक्यांदा म्हणाला की शेखलाल त्याची नक्कल करून दाखवायचा.

दसरा जवळ आला. अष्टमीला संध्याकाळी मैनुद्दीननं जाळी काढली, पेट्रोलमध्ये धुतली, खिडकीच्या कट्ट्यावर वाळत ठेवली आणि शेखलालला सांगितलं, "सकाळी ही बसव, मग कापड बसव." दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारं धुऊन मांडतात, त्यांची पूजा होते, आणि दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. धोंडीरामच्या कारखान्यात हा नेम कडक होता. लोहाराचं हत्यार त्याला देवाच्या ठिकाणी. मैनुद्दीनचे पानेही त्याच पाटावर बसत, आणि मैनुद्दीनही त्या दिवशी चपला बाहेर काढून, वाकूनच आत जाई. त्यात त्याला कधी वावगं वाटलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी हिंदुराव गाडी न्यायला आले. जरीचा फेटा, पायात बूट. आधी बंगल्यावर जाऊन आईसाहेबांकडून ओवाळून घ्यायचं आणि मग भाता गर्जवत आपल्या गावात शिरायचं, असा त्यांचा बेत होता. गल्लीतली माणसं बघायला जमली होती. शेखलाल नवा शर्ट घालून पंपाशी बसला.

मैनुद्दीन पेटीपाशी आला. "जाळी बसीवली का रं?" त्यानं विचारलं.

"सगळं बसलंया, दुलाभाई," शेखलाल म्हणाला. बहिणीच्या नवऱ्याला तो दुलाभाईच म्हणायचा.

मैनुद्दीनचा हात तरीही कानाच्या नटाकडं गेला. सांगितलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायची त्याला सवय नव्हती. तेवढ्यात हिंदुराव गाडीत बसल्या बसल्या म्हणाले, "मिस्त्री, आज सणाचा दिवस. तुम्ही असे बघायला लागलात की गाडीलाच धडकी भरते. अशानं ती सुरू व्हायची नाही."

माणसं हसली. शेखलालही हसला. एरवी मैनुद्दीननं असल्या हसण्याला भीक घातली नसती. पण त्या दिवशी गल्लीभर माणसं होती, धोंडीरामच्या घरातल्या बायका दारात उभ्या होत्या, आणि त्याला लाज वाटली. हात मागं आला. गाडी सुरू झाली, भात्याची किंकाळी उठली आणि लाल रंग कोपऱ्यावर दिसेनासा झाला. आयुष्यात एकदाच हा माणूस भ्यायचं टाळून बसला, ते नेमकं त्या दिवशी.

धोंडीरामनं त्याला प्रसादाला आत बोलावलं. मैनुद्दीन हात पुसत पाटासमोर उभा राहिला. हातोडे, छिन्न्या, पाने, सगळं चिंचेनं घासून लखलखीत केलेलं, झेंडूच्या फुलांत ठेवलेलं. एका बाजूला फुलांच्या खाली काहीतरी वेगळंच चकाकत होतं. बारीक पितळी तार. तिच्यावर हळदीकुंकवाची बोटं ओढलेली होती.

मैनुद्दीननं वाकून जवळून बघितलं.

"दादा... ही जाळी..."

"ती व्हय? खिडकीत व्हती. पितळंची, घडीव. मला वाटलं तुजंच कसलं तरी हत्यार, ऱ्हाया नगं पूजंबिगर," धोंडीराम म्हणाला. "पहाटंच घासून ठिवली काल. का रं? तुजं त्वांड असं का झालं?"

मैनुद्दीनला सगळं एकदम कळलं. नवमीच्या सकाळी शेखलाल आला असणार, कट्टा रिकामा दिसला असणार, आणि त्याला वाटलं असणार की दुलाभाईसारखा भित्रा माणूस जाळी रात्रभर बाहेर ठेवणार थोडाच, त्यानंच रात्री बसवली असेल. म्हणून त्यानं नुसतं कापड लावलं आणि नट आवळले. कुणी खोटं बोललं नव्हतं, कुणी आळस केला नव्हता. सगळ्यांनी आपापलं काम मन लावून केलं होतं.

"दादा, ती त्या गाडीची हाय. ती न्हाय तर पोरगं जळंल," तो म्हणाला, आणि त्याचे हात पाटाकडं गेले, पण मध्येच थबकले. उत्तरपूजा व्हायची होती. इतक्या वर्षांत त्यानं त्या पाटाला शिवण्याचा विचारही केला नव्हता.

धोंडीरामचा चेहरा पांढरा पडला. त्यानं वाकून जाळी उचलली, कपाळाला लावली आणि मैनुद्दीनच्या हातात दिली. "पळ," तो म्हणाला. "देवीचं मी बघतो. तू पळ!"

मैनुद्दीन पळाला. त्याला पळताना कुणी कधी बघितलं नव्हतं. सणाच्या गर्दीत माणसं बाजूला होऊन बघत राहिली. बंगल्याच्या फाटकाशी पोचला तेव्हा त्याच्या छातीत कळ उठत होती. व्हरांड्यात रंभाबाईसाहेब ओवाळणीचं तबक हातात घेऊन अजून उभ्याच होत्या, निरांजन जळत होतं.

"सरकार?" त्यानं विचारलं.

"आत्ताच गेले की, अक्कलकोटच्या रस्त्यानं. का हो मिस्त्री? असे घामाघूम का? काही झालं का?"

त्या माउलीच्या तोंडाकडं बघून त्याला खरं सांगवेना. "काय न्हाय आईसाहेब. येक वस्तू द्यायची ऱ्हायली," तो म्हणाला, आणि जाळी पाठीमागं धरून उलट्या पावली बाहेर पडला. फाटकाबाहेर आल्यावर मात्र त्याला रडू फुटलं.

अक्कलकोटच्या नाक्यावर तिप्पण्णाची लॉरी ज्वारीची पोती भरून निघण्याच्या तयारीत होती. तिप्पण्णा कानडी माणूस, लॉरीसारखाच जड आणि सावकाश. त्याची लॉरी मैनुद्दीननं अनेकदा दुरुस्त केली होती.

"येन री, काय हो मिस्त्री," तो म्हणाला, "दसऱ्याच्या दिवशी कुटं निघाला?"

"तिप्पण्णा, हाण गाडी. लाल मोटार गाठायची हाय."

तिप्पण्णा हसला. लॉरीनं लाल मोटार गाठायची म्हणजे म्हशीनं हरणामागं लागायचं. पण त्यानं मैनुद्दीनच्या चेहऱ्याकडं बघितलं, हसू गिळलं आणि लॉरी रेटली.

तो रस्ता मैनुद्दीनला पुढं कधी विसरता आला नाही. दोन्ही बाजूला काळी रानं, मध्ये धुळीचा पट्टा. धुळीत त्या गाडीच्या चाकांचे ठसे ताजे दिसत होते. ते पुढं पुढं पळत होते आणि लॉरी जागच्या जागी कुंथत असल्यासारखी वाटत होती. त्याच्या डोक्यात इंजिन चालू होतं. सपाट रस्त्यावर ती खोकायची नाही, तो स्वतःला समजावी. धावत असताना खोकायची नाही. पण पंप मारायला शेखलाल जरा विसरला, पेट्रोल कमी पडलं, तर? रस्त्यात बैलगाडी आडवी आली, सरकारांनी एकदम पाय उचलला, तर? आणि गाडी थांबली, इंजिन बंद झालं, आणि गरम इंजिन हँडल मारून सुरू करायची वेळ आली, तर?

गरम इंजिन सुरू होतानाच सगळ्यात जास्त खोकतं. हँडल मारणारा माणूस गाडीच्या पुढं वाकलेला असतो. आणि भात्याचं तोंड आता पुढं होतं. रेडिएटरच्या शेजारी, हँडल मारणाऱ्याच्या तोंडासमोर. ते तिथं दुसऱ्या कुणी आणलं नव्हतं.

समोर क्षितिजावर काळा धूर दिसला.

"या अल्ला," मैनुद्दीन ओरडला आणि दार उघडून निम्मा बाहेर झाला. तिप्पण्णानं त्याच्या शर्टाला धरून आत ओढलं. "वीटभट्टी आहे री ती," तो म्हणाला. "वर्षभर असते. बसा." मैनुद्दीन बसला, पण भट्टी मागं पडेपर्यंत त्यानं डोळे उघडले नाहीत. मिटल्या डोळ्यांपुढं त्याला सासरा दिसत होता, आणि सासऱ्याचा चेहरा हळूहळू शेखलालचा होत होता. घरी जाऊन इमामबीला काय सांगायचं? दारात उभी राहून ती काही विचारणार नाही. नुसती बघेल. ते बघणं आठवून त्याला वाटलं, त्यापेक्षा आपणच जळालेलं बरं.

वळसंगच्या अलीकडं तिप्पण्णा म्हणाला, "ती बघा तुमची लाल."

गाडी वळसंगच्या वेशीजवळ लिंबाखाली उभी होती. धड होती. गावकऱ्यांनी सरकारांना अडवून हार घातले होते, गाडीच्या दिव्यांनाही झेंडूच्या माळा बांधल्या होत्या, हलगी कडाडत होती. मैनुद्दीनचा श्वास मोकळा होतोय तोच त्याला दिसलं, इंजिन बंद होतं. हिंदुराव चक्राशी बसले होते. आणि शेखलाल हातात हँडल घेऊन गाडीच्या पुढं चालला होता, गर्दीकडं बघून हसत, ऐटीत.

"शेखलाल! थांब! हात लावू नगंस!"

हलगीपुढं त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही. लॉरी थांबायच्या आधीच त्यानं उडी टाकली, गुडघ्यावर पडला, उठला, धावला. शेखलालनं हँडल घातलं. वाकला. एक झटका दिला. इंजिन बोललं नाही. मैनुद्दीन गर्दीत शिरला, माणसं ढकलत. "कोन हाय ह्यो?" कुणीतरी शिवी हासडली. शेखलालनं दुसरा झटका दिला.

इंजिन खोकलं.

फाट्कन आवाज झाला आणि पेटीच्या तोंडातून हातभर जाळ बाहेर आला. मग तेलात भिजलेलं कापड पेटलं. झेंडूच्या माळेनं धूर धरला. हलगी थांबली, बायका किंचाळल्या, गर्दी फुटली. सगळे पळाले, फक्त शेखलाल पळाला नाही. तो तसाच वाकलेला, हँडल मुठीत, जाळ तोंडापासून वीतभर, डोळे विस्फारलेले. ज्या माणसाला कशाचीच भीती वाटत नाही त्याला पळायचं कसं हेही ठाऊक नसतं.

मैनुद्दीननं त्याला खांद्यानं धडक दिली. शेखलाल धुळीत जाऊन पडला. पेट्रोलची नळी पेटीच्या मागंच होती. तिथवर जाळ पोचला असता तर गाडीचं, सरकारांचं आणि जवळ उभ्या असलेल्या कुणाचंच नाव राहिलं नसतं. मैनुद्दीननं जळत्या पेटीच्या नटांना हात घातला. पितळ तापलं होतं. कातडं नटाला चिकटत होतं आणि तो फिरवत होता. तो मोठमोठ्यानं ओरडत होता, भीतीनं म्हणा, वेदनेनं म्हणा. तो शूर झाला होता असं कुणी समजू नये. शेवटी चौकट सुटली. पेटतं कापड दोन्ही हातांनी ओढून त्यानं लांब फेकलं, आणि मागून आलेल्या तिप्पण्णानं ओंजळीओंजळीनं माती टाकून नळकांड्याचं तोंड बुजवलं.

मग सगळं शांत झालं. हिंदुराव खाली उतरले. फेटा मानेवर आला होता. त्यांनी काळ्या पडलेल्या पेटीकडं बघितलं, मग मैनुद्दीनच्या हातांकडं बघितलं.

"मिस्त्री, हे..." ते इतकंच म्हणाले.

"माझंच चुकलं, सरकार," मैनुद्दीन म्हणाला. "सकाळी नट खोलून बघाया पायजे व्हतं. तुमी हसला म्हणून बघितलं न्हाय."

हिंदुरावांनी मान खाली घातली. त्यांचं सीमोल्लंघन त्या दिवशी बैलांनी केलं. गाडीला दावं बांधून गावकऱ्यांनी ती ओढत नेली, आणि सरकार तिच्यात न बसता मागून चालत गेले.

वेशीजवळच्या घरातली बजाबाई नावाची म्हातारी चुन्याची निवळी आणि खोबरेल घोटून घेऊन आली. "कसं रं बाबा इस्तवात हात घातलास," म्हणत तिनं ते मैनुद्दीनच्या तळव्यांना लावलं आणि वर जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळल्या. उजव्या हाताची दोन बोटं पुढं कधी नीट सरळ झाली नाहीत. बारीक काम तो नंतर डाव्या हातानं करायला शिकला.

सोलापूरकडं एक बैलगाडी निघाली होती. शेखलाल म्हणाला, आपण बैलगाडीनंच जाऊ. दोघं मागं कडब्यावर बसले. उन्हं कलली होती, वाटेवर आपट्याची पानं घेऊन माणसं घरी चालली होती. शेखलालच्या भुवया जळल्या होत्या, नव्या शर्टाला भोकं पडली होती. मैनुद्दीनला वाटलं, पोरगा आता काहीतरी थट्टेचं बोलेल. त्याची ती रीतच होती.

"दुलाभाई," शेखलाल म्हणाला, "माजं पाय हाललंच न्हाईत."

मैनुद्दीननं त्याच्याकडं मान वळवली.

"समदी पळाली. मला पळता येईना. आजून बी हात थरथरत्यात, बगा की." त्यानं हात पुढं केले. ते खरंच थरथरत होते. त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला. "लई भ्या वाटलं, दुलाभाई. कुनाला सांगू नगासा."

मैनुद्दीननं त्या थरथरणाऱ्या हातांकडं बघितलं. इतकी वर्षं ओरडून, नक्कल करवून घेऊन, थोबाडीत मारून जे त्याला या पोराला देता आलं नव्हतं, ते आज मिळालं होतं. त्याचे स्वतःचे हात पट्ट्यांच्या आत आगीसारखे ठणकत होते. तरी सकाळपासून छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं त्याला वाटलं.

"मी कुनाला सांगनार न्हाय," तो म्हणाला. "पर घरी गेल्यावर तू तुज्या भैनीला सांग. भ्या वाटलं म्हनून सांग. आज ती पोटभर जेवंल."

शेखलाल रडायला लागला. मैनुद्दीनला हातानं त्याला धरता येत नव्हतं, म्हणून तो नुसता त्याच्याकडं सरकून बसला.